पिराजीला काय चारावं?

कापसाची सरकी काढतात त्या जिनात काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. अंगावरची रुई जात नाही. टोपी झटकली की ती मिशीवर बसते, मिशी पुसली की बाहीवर, आणि बाही झटकून घरी गेलो तर आई भाकरीतून एक धागा काढून दाखवते. किश्श्यांचं तसंच आहे. आपण काही ते गोळा करत नाही, ते येऊन चिकटतात. मी चारचौघांत फारसा बोलत नाही, कोपऱ्यात बसून ऐकतो, त्यामुळे मला जरा जास्तच चिकटले आहेत. आणि त्यातले बरेचसे माणसांचे नाहीत, एका कुत्र्याचे आहेत.

आमचं जिन वाशीमच्या बाहेर, कापसाच्या गाड्या येतात त्या रस्त्यावर आहे. मी शाळा लवकर सोडली आणि इथं काट्यावर लागलो. दिवाळीनंतर कापूस मोजायचा, पावसाळ्यात जिन बंद असलं की शेतकऱ्यांना सरकी मोजून द्यायची. मालक शेठजी जैन. माणूस शांत, पण एका नियमाला पक्के. फाटकाच्या आत मांस येणार नाही, हाड येणार नाही.

अशा जागी पावसाळ्याच्या तोंडाला जंगल खात्याच्या एका गोऱ्या साहेबाचा कुत्रा आला. साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला आणि जाता जाता शेठजींना कुत्रा भेट देऊन गेला. साहेबाची भेट परत कशी करणार? कुत्रा म्हणजे लांब केसांचं वासरूच. त्याचं नाव प्रिन्स होतं. पण आमच्या चौकीदाराच्या, म्हणजे गणपतदादाच्या, तोंडात ते बसेना. पहिल्या दिवशी तो पिरिन्स म्हणाला, दुसऱ्या दिवशी पिरन्या, आणि आठवड्याच्या आत कुत्र्याचं बारसं होऊन तो पिराजी झाला.

साहेबाचा शिपाई सांगून गेला की हा दोन वेळ मटण खातो आणि वरून बिस्कुट. शेठजींनी ते ऐकून घेतलं आणि मला बोलावलं.

"नामदेव, मांस इथं येणार नाही हे तुला माहीत आहे. पण उपाशी राहून त्याचा जीव गेला तर ते पाप त्याहून मोठं. दसऱ्यापर्यंत पाहू. आपलं अन्न अंगाला लागलं, बरगड्या झाकल्या, तर राहील. नाही तर बापूसाहेबांना देऊन टाकू. तिथं त्याला त्याचं खाणं तरी मिळेल."

बापूसाहेब म्हणजे शिरपूरकडचे एक जमीनदार. त्यांना रानडुकरांच्या शिकारीचा नाद होता. गणपतदादाने मला बाहेर गाठलं.

"खानं भेटन, होय. पन मांगच्या साली त्यायनं चार कुत्रे नेलते डुकरायमांगं. दोनच वापस आले. त्यातलंबी एक तीन पायाचं."

त्या दिवसापासून मी पिराजीच्या बरगड्या पाहू लागलो.

०

पहिला प्रश्न भाकरीचा. गणपतदादाचं मत ठाम होतं. "भूक लागली का वाघबी ज्वारीची भाकर खाईन."

त्याने अख्खी भाकर पिराजीसमोर ठेवली. पिराजीने ती हुंगली. मग तिच्यावर पुढचा पाय ठेवला आणि आमच्याकडे असं पाहिलं, की जणू कोणाची तरी वस्तू पडली होती, ती त्याने सांभाळून ठेवली आहे, ज्याची असेल त्याने घेऊन जावी. संध्याकाळपर्यंत पाय तसाच. दुसऱ्या दिवशी ताजी भाकर ठेवली तर दुसरा पाय तिच्यावर.

आमच्याकडे पावसाळ्यात फाटकं बारदान शिवायला बाया येतात. त्यांत सखूमावशी मोठी. तिच्या घरचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे. तिने दोन दिवस हा तमाशा पाहिला, आणि सुई बारदानात खोचून उठली. दोन्ही भाकरी पायाखालून काढल्या, चुरल्या, आपल्या जेवणातलं ताक त्यात ओतलं, मीठ न घालता कालवलं आणि घमेलं पुढे केलं. पिराजीने घमेलं चाटून चाटून भिंतीपर्यंत सरकवत नेलं.

मी विचारलं, "मावशी, तुले कसं समजलं?"

ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "त्यात काय समजाचं? सायबाचा असो का कोनाचा, कोरडी भाकर कोनाच्या नरड्याखाली उतरते रे बा?"

०

मग बिस्कुटाचं. शिपाई म्हणाला होता की बिस्कुट दाखवलं की पिराजी मागाल ते करतो. जिनात कोणीच बिस्कुट खाल्लेलं नव्हतं. मला ते कसं लागतं, कशाचं करतात, हे जाणून घ्यायची फार उत्सुकता होती. म्हणून बाजारात मीच गेलो.

दुकानात गर्दी होती. माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते, जरीचा रुमाल बांधलेले. त्यांचा जावई पहिल्यांदाच घरी यायचा होता आणि त्याच्यासाठी ते काहीतरी शहरी शोधत होते. दुकानदाराने त्यांना बिस्कुटांचा पुडा दिला. "एकदम उमदा माल. मोठ्या लोकांकडे हाच जातो."

ते पुडा उपरण्यात बांधत होते, तोवर माझी पाळी आली. मी तोच पुडा बोटाने दाखवला.

"कोनासाठी पायजे?" दुकानदाराने सहज विचारलं.

मला खोटं बोलायला सुचत नाही. खरं बोलायलाही वेळच लागतो. मी खाली पाहून म्हणालो, "कुत्र्यासाठी."

गृहस्थांचा हात उपरण्यातच थांबला. त्यांनी गाठ सोडली, पुडा फळीवर ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, "गूळ-शेंगदाने द्या."

ते गेल्यावर दुकानदाराने तोच पुडा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "लेका, पुढच्या खेपेले आज्यासाठी म्हनजो."

पुडा घेऊन आलो, तर शेठजींनी एकच विचारलं, "यात अंडं असतं का?"

पुड्यावर सारं इंग्रजीत. मी इंग्रजीच्या आधीच शाळा सोडलेली. कोणालाच सांगता येईना. शेठजी म्हणाले, "मग फाटकाबाहेर न्या." बाहेर नेल्यावर गणपतदादा म्हणाला, "आधी मी पाह्यतो अंडं हाये का त्यात." एक खाल्लं. "समजलं नाई." दुसरं खाल्लं. पिराजी त्याच्यासमोर येऊन बसला आणि पुढचा पाय उचलून धरला. गणपतदादाच्या तोंडात तिसरं होतं. त्याने तो पाय हातात घेतला आणि अदबीने म्हणाला, "राम राम."

०

आता प्रश्न उरला, की बिस्कुटाच्या जागी काय? मला एकेक वस्तू देऊन पाहायचा छंदच लागला. उकडलेला भोपळा दिला, आवडला. भाजलेले शेंगदाणे आवडले, पण सोलून दिले तर. जांभळं तोंडात घेऊन हळूच बाहेर ठेवली. नवीन काही द्यायचं तर मी आधी स्वतः खाऊन पाहायचो आणि थोडा वेळ थांबायचो, मग त्याला. गणपतदादा बायांना म्हणायचा, "राजे लोकायपाशी असे चाखनारे असत. आपला नामदेव कुत्र्यापाशी हाये."

त्यात काकडी पहिली आली. पावसाळ्यात सखूमावशीच्या मळ्यात काकड्या ढिगाने निघत. पिराजी काकडी अशी कचाकचा खायचा की ऐकणाऱ्याला तहान लागावी. पण कडू काकडी असली की नुसती हुंगून तोंड फिरवायचा. मावशीच्या हे लक्षात आलं. ती बाजाराला जायच्या आधी टोपली घेऊन जिनात यायची, एकेका वेलाच्या काकडीची चकती कापून त्याला द्यायची. त्याने खाल्ली तर त्या वेलाच्या काकड्या बाजारात. तोंड फिरवलं तर त्या म्हशीला.

तिची काकडी कधी कडू निघत नाही, असं गावभर झालं. कचेरीतल्या एका कारकुनाच्या बायकोने तिला विचारलं, "सखूबाई, तुम्हाला कसं कळतं हो?"

मावशी खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "मले कायचं समजते? जिनातले सायेब चाखून पाह्यतात."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती बाई चांगलं लुगडं नेसून, नवऱ्याला कोट घालायला लावून जिनाच्या फाटकाशी आली. नवऱ्याला इंग्रजी दोन वाक्यं पाठ करून आणली होती. त्यांना साहेबांना भेटायचं होतं.

गणपतदादा म्हणाला, "भेटा ना. झोपले हायेत. पन पोटाले खाजवलं का उठतीन."

०

केनवडहून एक शेतकरी बैलांसाठी सरकी न्यायला यायचे. वयस्कर, भारदस्त, मिशा पांढऱ्या. त्यांचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. मी काट्यावर होतो, ते पोत्याजवळ उभे होते. तेवढ्यात मागून गणपतदादा ओरडला, "पिराजी, खाली बस."

पाहुणे दचकले आणि पोत्यावर बसले.

मला काही उमगलं नाही. मी वजन लिहीत होतो. परत हाक आली, "जेवला का रे पिराजी?"

"नाई बा अजून," पाहुणे म्हणाले. "घरून पहाटीच निंगालो."

"मंग इकडं ये. ताक-भाकर कालवून ठेवली."

पाहुण्यांना बरं वाटलं असावं. ते उठले, पागोटं सारखं केलं आणि कोपऱ्यावरून वळले. मी मागे धावलो, पण माझ्या तोंडून आवाज फुटेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. घमेल्यासमोर एका बाजूने पिराजी पोचला होता, दुसऱ्या बाजूने पिराजीबुवा. दोघंही एकमेकांकडे पाहत होते.

गणपतदादाने हात जोडून सगळं सांगितलं. आता हे रागावणार, असं मला वाटलं. त्यांनी कुत्र्याला खालून वर पाहिलं, आणि म्हणाले, "नाव ठेवलं ते ठेवलं. पन त्याले अरे-तुरे नोका करू."

तेव्हापासून गणपतदादा, लोक असले की, "पिराजीबुवा, बसा," म्हणतो.

०

यानंतरचा किस्सा हसण्याचा नाही, पण तो सोडला तर पुढचं कळणार नाही.

पोळ्याच्या सुमाराला पिराजीच्या बरगड्या झाकत आल्या होत्या. शेठजी रोज संध्याकाळी घरी जाताना त्याच्याकडे एक नजर टाकत. काही बोलत नसत, आणि तेच मला चांगलं वाटायचं. मग एकाएकी तो मलूल झाला. काकडी पुढे केली तर नुसती शेपटी जमिनीवर एकदा आपटायचा, उठायचा नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्या. लघवी लाल होऊ लागली. मी त्याच्याशेजारी बारदान टाकून बसायचो.

गुरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी जबडा उघडून पाहिला आणि विचारलं, "खायला काय देता?"

मी सांगितलं ते सगळं ठीक होतं. मग मला वाटलं, मी देतो ते मला माहीत आहे, बाकीचे काय देतात? मी एकेकाकडे गेलो. मला असं जाऊन विचारणं फार कठीण जातं, पण गेलो. तेव्हा कळलं, की सारं जिन त्याचे लाड करत होतं. दुपारी जेवायला बसलं की प्रत्येकजण आपल्यातला घास काढून ठेवायचा. कोणी झुणका, कोणी बेसनाचं आलन, कोणी भज्याचा तुकडा. गणपतदादा तर रोज मूठभर कांदा परतून द्यायचा, "ताकत येते" म्हणून.

"सगळ्यांत कांदा आहे," मी डॉक्टरांना म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "मग तेच असेल. मळ्यात शिरून कांद्यावर पडलेली जनावरं अशीच होतात, मी पाहिली आहेत. कांदा बंद, लसूण बंद. बाकी त्याच्या नशिबावर."

गणपतदादा त्या दिवशी जेवला नाही. फाटकाकडे पाठ करून बसून राहिला.

त्यानंतर शेठजींच्या घरून डबा येऊ लागला. वरण, भात, तूप. त्यांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण जन्मात नव्हता. हळूहळू पिराजी उठला, मग चालला, मग एका दुपारी काकडी मागायला मावशीच्या टोपलीत तोंड घालून उभा राहिला. मावशीने पदर डोळ्यांना लावला आणि त्याला एक चापट मारली.

गणपतदादाला परत वाचा फुटली. "मटन खात नाई, कांदा खात नाई, लसूनबी खात नाई. हा तं शेठजीवानी पक्का श्रावक झाला."

शेठजी मागेच उभे होते. ते म्हणाले, "मग दिवस मावळल्यावर काही देऊ नका," आणि चालू लागले. ते हसले की नाही, यावर जिनात आजही दोन मतं आहेत.

०

पण आजाराने बरगड्या पुन्हा वर आल्या होत्या, आणि दसरा जवळ येत होता. मी डब्यातलं तूप वाढवलं. सखूमावशी भोपळा उकडून आणायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे चारी बाजूंनी पाहिलं. केस वाढले होते, अंग भरल्यासारखं दिसत होतं. हात लावला तर अजून हाड लागायचं, पण शेठजी हात कुठं लावणार होते? ते लांबूनच पाहत.

दसऱ्याला आमच्याकडे इंजन धुतात, काटा धुतात, बैल धुतात, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. सकाळी मी आणि गणपतदादा कामात होतो. सखूमावशीने इंजन धुतलेलं पाणी पाहिलं, काटा चकचकीत झालेला पाहिला, आणि तिला वाटलं, एवढं सारं स्वच्छ आणि आपला पिराजीच काहून मळका? त्याला चांगला दिसायला पाहिजे आज. तिने त्याला शिकेकाई लावून घागरीवर घागर ओतली.

त्याच वेळी शेठजी बापूसाहेबांना घेऊन फाटकातून आत आले.

ओला पिराजी आमच्यामध्ये उभा होता. ते सगळे लांब केस अंगाला चिकटले होते. एकेक बरगडी वेगळी दिसत होती. एवढा मोठा कुत्रा आतून एवढासा असेल, असं मलाही वाटलं नव्हतं. मावशीच्या हातातून घागर सुटली.

शेठजींनी पिराजीला मानेपासून शेपटीपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आपल्याकडून झालं तेवढं आपण केलं, नामदेव."

मला सांगायचं होतं की थांबा, वाळू द्या. मी पडलेली घागर उचलून सरळ ठेवली.

०

बापूसाहेब आडव्या अंगाचे, आवाज मोठा. त्यांनी फाटकाबाहेर आपल्या दमणीजवळ, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीजवळ, उभं राहून पानात गुंडाळलेला मटणाचा तुकडा काढला. पिराजीने तो खाल्ला. खाल्ला म्हणजे काय, डोळे मिटून खाल्ला. आम्ही एवढे दिवस त्याला काकडी खायला लावत होतो, याची मला लाज वाटली. बापूसाहेबांनी दुसरा तुकडा दमणीत टाकला, पिराजी उडी मारून आत गेला. "पाहा, जबरदस्ती नाई," बापूसाहेब म्हणाले. गाडीवानाने बैल हाकले. पिराजी मागे तोंड करून आमच्याकडे पाहत होता. गणपतदादाने माझ्या पाठीत बोट खुपसलं. "हाक मार ना लेका." मी हाक मारली, पण ती मलाच ऐकू आली असेल.

त्या दुपारी आमच्यात कोणी कोणाला सोनं दिलं नाही. आपट्याची पानं टोपलीत तशीच सुकली. शेठजी घरी गेले नाहीत, गादीवर बसून राहिले.

ऊन कलल्यावर रस्त्यावर घुंगरांचा आवाज आला. दमणी परत येत होती. पुढे गाडीवान ताठ बसलेला, नजर बैलांच्या शिंगांवर. आत लोडाला टेकून पिराजी, पूर्ण वाळलेला, फुललेला. आणि दमणीच्या मागे, पायी, धुळीने माखलेले बापूसाहेब. एका पायात जोडा होता. दुसरा जोडा त्यांच्या हातात होता.

फाटकाशी बैल आपणच थांबले. पिराजी खाली उतरला, चालत आला आणि माझ्या पायाशी बसला. आम्ही गाडीवानाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मले काई इचारू नोका."

गणपतदादाला राहवलं नाही. "काहून बापूसायेब? कुत्रं वापस आनलं?"

"मी कुठं आनलं?" बापूसाहेब म्हणाले. "त्यानं आनलं मले. खाली उतरलो तं परत दमनीत चढू देईना, अन् बैल इकडंच वळवले."

ते ओट्यावर बसले. मावशीने तांब्या दिला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला. शेठजी बाहेर आले, तशी बापूसाहेबांनी हात वर केला. "तुमचा तुमी ठेवा, शेठजी. मले नोको." मग त्यांनी पिराजीकडे एकदा पाहिलं आणि मला जवळ बोलावून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"खरं सांग लेका, तुमी याले चारता तरी काय?"